जिजीचा सोनगड

जिजी दुकानात शिरली की आधी पाणी मागायची. तहान लागलेली असो वा नसो. गादीवर बसलेला शेठ पोऱ्याला हाक मारायचा, पोऱ्या तांब्या आणायचा आणि जिजी भिंतीला टेकून, पाय पसरून, घोट घोट पाणी प्यायची. कापडाकडे बघायचीसुद्धा नाही. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा मला हे फार लाजिरवाणं वाटलं होतं. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलं, तर ती हसून म्हणाली, "एकदाव पानी पाजं की मंग तो आपले हाकली नही शकस."

ही जिजी म्हणजे नवापूरच्या रेल्वे चाळीतली माझी शेजारीण. माझे यजमान स्टेशनात तारबाबू होते. आमच्या भिंतीपलीकडे मालबाबूंचं बिऱ्हाड. मालबाबूंना सगळे आप्पा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला जिजी. ती नंदुरबारकडची, मी नाशिकची. लग्न होऊन मी चाळीत पाऊल टाकलं त्या दिवशी तिनं माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही. तिच्यासाठी मी कायमची 'नाशिकवाली' झाले. पॉइंट्समनची बायको 'चोपडावाली', स्टेशनमास्तरीण 'पुनावाली'. नाव विसरता येतं, गाव विसरता येत नाही, असं ती म्हणे.

उंचीनं बेताची, अंगानं भरलेली, कपाळावर आडवं मोठं कुंकू, आवाज असा की पहिल्या खोलीत बोललं तर शेवटच्या खोलीतलं पोर झोपेतून उठावं. अहिराणीशिवाय दुसरी भाषा तिच्या तोंडी येत नसे. शाळेत चार बुकं शिकली होती, त्यामुळे पुस्तकी मराठी तिला समजायची. पण मी तशी बोलायला लागले की ती पदर तोंडाला लावून हसायची. "काय वं, दवाखानामा बोली ऱ्हायनी का?" असं विचारायची.

तिची खरी हुशारी बाजारात दिसायची. कापडाचं टोक ती दोन बोटांत चुरडायची, नाकाशी न्यायची, कधी दाताखाली धरायची. "भाव तो सांगस, किंमत मी सांगस," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि हे सगळं ती दिवाळीच्या आधी करायची ते सोनगडला.

आमचं नवापूर इंग्रजी मुलखात. सुरतेच्या बाजूला गाडीनं थोडं गेलं की गायकवाड सरकारची हद्द लागायची आणि मग सोनगड. रान तेच, माणसं तीच, फक्त दुकानात भाव वेगळा. का वेगळा ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे तिकडे जकात कमी, कुणी म्हणे सुरतेचा माल थेट उतरतो. लढाई सुरू झाली आणि हा फरक फारच वाढला. आमच्याकडे कंट्रोल आला. साखर कार्डावर, तीही मोजकी. कापड म्हणाल तर जाडंभरडं, एका रंगाचं, आणि त्यासाठीही उन्हात रांग. सोनगडला मात्र दुकानं भरलेली होती. हद्दीपलीकडून माल आणू नये असा हुकूम होता, पण तो हुकूम आहे एवढंच सगळ्यांना माहीत होतं. दिवाळी जवळ आली की चाळीतल्या बायका एकेक करून जिजीच्या दारात यायच्या. कुणाला लुगडं, कुणाला पोरांच्या सदऱ्याचं कापड, कुणाला करंज्यांपुरती साखर. जिजी सगळं तोंडी ऐकून घ्यायची. कधी काही विसरली नाही.

त्या पहिल्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले ते माझ्या दिवाळसणाच्या लुगड्यासाठी. शेठनं सांगितलेला भाव ऐकून जिजी उठली, चपला घातल्या, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. घेतलं काही नाही, नुसती बसली, याला दिसेल अशी. थोड्या वेळानं शेठचा पोऱ्या धावत आला. "मासी, शेठ बोलावे छे." जिजी परत गेली ती थेट गादीच्या कडेला बसली, शेठच्या बायकोची चौकशी केली, सुनेच्या बाळंतपणाला काय काय खायला घालायचं ते सांगितलं, आणि हिरवं लुगडं तिच्या किमतीत काखेत मारून निघाली. शेठ हात जोडून म्हणाला, "मासी, आवता वर्षे बीजी दुकाने जजो." पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जा म्हणे. दोघंही खळखळून हसली.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात तिनं तीन लुगडी एकावर एक नेसली. नवापूरला उतरताना ती पिंपासारखी दिसत होती. तिकिटं बघणारे मास्तर ओळखीचे. ते म्हणाले, "जिजी, सोनगडचं पाणी मानवलेलं दिसतंय."

"हाव भाऊ, तठलं पानी भारी शे," जिजी म्हणाली आणि तशीच डुलत फाटकातून बाहेर पडली. आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

या सगळ्या फेऱ्यांत गाठोडं वाहायची मोगी. डोंगराकडच्या एका पाड्यावरून ती रोज सकाळी चाळीत यायची, चार घरची भांडी घासायची, पाणी भरायची. घरी तिची बोली मावची. आमच्याशी ती मोडकीतोडकी अहिराणी बोलायची; मी बोललेलं तिला निम्मं कळायचं नाही, मग ती जिजीकडे बघायची आणि जिजी सांगायची. सगळ्यांना ती 'तू' म्हणे, स्टेशनमास्तरांनासुद्धा. तिच्या बोलीत तसंच होतं. चहा तिला बाहेरच्या कोनाड्यातल्या कपात मिळायचा, चाळीत तीच रीत होती आणि जिजीच्या घरीही तीच. पण जिजी तो कप काठोकाठ भरायची, तिच्या केसांना तेल द्यायची, आणि चारचौघांत म्हणायची, "मोगी मन्ही धाकली बहीन शे."

नुसतं म्हणायची असं नाही. एकदा स्टेशनमास्तरांच्या घरातली चांदीची वाटी हरवली. पुनावालीनं मोगीचं नाव घेतलं. जिजी कणकेचे हात तसेच घेऊन तिच्या घरात घुसली, पेट्या ओढल्या, फडताळं उपसली, आणि तांदळाच्या डब्यात पोरांनी टाकलेली वाटी काढून पुनावालीच्या हातावर ठेवली. "आते तिले सांग," म्हणाली. "काय सांगू?" "सांग की चुकनू." आणि पुनावालीकडून ते वदवून घेतल्याशिवाय ती हलली नाही. मोगी दाराबाहेर भांडी घासत होती. तिनं मान वर केली, पुन्हा खाली घातली. त्या दिवसापासून मोगीकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

म्हणूनच पुढं जे घडलं ते मला अजून पुरतं पचलेलं नाही.

त्या साली मी बाळंतीण होते, घरीच राहिले. बाळाला घालायला मऊ मलमल हवी होती, ती मी जिजीला सांगितली होती. चाळीतल्या सगळ्याच घरांनी काही ना काही सांगितलं होतं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी जिजी आणि मोगी सकाळच्या गाडीनं गेल्या. दिवस कलायला लागला तशा आम्ही बायका चाळीच्या तारेच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिलो. कुंपणाला लागूनच प्लॅटफॉर्म. गाडीची वाट बघत गप्पा चालल्या होत्या. बाळ माझ्या खांद्यावर होतं.

तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर दोन अनोळखी शिपाई दिसले आणि त्यांच्याबरोबर डोक्यावर हॅट घातलेला एक माणूस. कंट्रोलकडचा नवा इन्स्पेक्टर आलाय, आज गाडी तपासणार आहेत, असं कुणीतरी म्हणालं.  तिकडे कळवायला काही मार्ग नव्हता; तार करावी तर गाडी सोनगडहून केव्हाच सुटली होती. गाडी आलीच.

बायकांच्या डब्यातून आधी जिजी उतरली, तशीच फुगलेली. तिच्यामागून मोगी, डोक्यावर मोठं गाठोडं. जिजीनं हॅटवाल्याला पाहिलं आणि तिची चाल मंदावली. मोगीला काही कळलं नाही, ती तिच्या चालीनं पुढं आली आणि शिपायानं तिला अडवलं. गाठोडं खाली उतरवून सोडलं. साखरेची पिशवी बाहेर आली, मग लुगडी, मग ठाण.

इन्स्पेक्टर उद्धट नव्हता. जिजीच्या अंगावरचे दागिने, कुंकू पाहून त्यानं आदरानंच विचारलं, "बाई, ही तुमच्याबरोबर आहे का? हा माल तुमचा आहे?"

मालधक्क्याच्या दारात आप्पा उभे होते, हातात कागद घेऊन. जिजीनं त्यांच्याकडे पाहिलं. आप्पांनी मालगाडीच्या वाघिणीकडे तोंड फिरवलं.

"नाही. माझा नाही," कुणीतरी म्हणालं. "ही बाई गाडीतच भेटली. तिचाच असेल."

आवाज ओळखायला मला वेळ लागला. इतकं शुद्ध, शाळेतल्यासारखं मराठी जिजीच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं.

मोगीला त्यातलं काही समजलं नाही. शिपायानं तिचा दंड धरला तेव्हा ती घाबरली आणि नेहमीसारखी जिजीकडे वळली. "जिजी, काय सांगस हाऊ?"

 जिजी फाटकातून बाहेर पडली, आमच्यासमोरून गेली. तिनं मान वर केली नाही आणि आमच्यातल्या एकीनंही तिला हाक मारली नाही. मागून मोगीचा आवाज परत आला, "जिजी!" मग शिपाई तिला गावाकडे घेऊन गेले. गाठोडं एका हमालाच्या डोक्यावर होतं.

दिवेलागणीला बायका जिजीकडे जाऊ लागल्या, एकेकट्या, दबक्या पावलांनी. भिंतीतून मला ऐकू येत होतं. "मन्हं लुगडं बी गयं का वं?" "गयं." "आन् साखर?" "ती बी." प्रत्येकीनं आपापल्या वस्तूची चौकशी केली. मोगीचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर पुढचं काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि आम्हा सगळ्यांचीच दिवाळी त्या गाठोड्यात होती.

बायका गेल्यावर जिजीचा आवाज आला, नेहमीपेक्षा खूप हळू. "तुम्ही जा. सांगा की ते मन्हं व्हतं."

"मन्ही नोकरी जाई," आप्पा म्हणाले. "रेल्वेना मानूस अन् चोरीना माल. समजस का तुले? ती भिलीन शे. दम दीसन सोडी देतीन. तू गप ऱ्हाय."

"तिले भाषा बी नही येस."



दुसऱ्या दिवशी सकाळी जिजी माझ्या दारात उभी राहिली. अंगावर जुनं विटकं लुगडं होतं आणि हातात दोन नव्या लुगड्यांच्या घड्या. आदल्या दिवशी अंगावर नेसून तिनं सुटवलेली तीच ती लुगडी. डोळे सुजलेले होते. "नाशिकवाली, पोर चोपडावालीकडे दे. तुले शुद्ध बोलता येस. चाल मन्हासंगे."

कुठं ते विचारायची गरज नव्हती. गावातून जाताना लोक वसुबारसेच्या गाई सजवत होते, दारात रांगोळ्या पडत होत्या. जिजी भर रस्त्यातून चालत होती, ओळखीचं कुणी हसलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

चौकीच्या ओसरीत भिंतीशी मोगी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडावर पदर ओढून. जिजी तिच्याजवळ थांबली. मोगीनं पदर बाजूला केला नाही.

फौजदार आप्पांच्या ओळखीतले. चाळीत पत्ते खेळायला यायचे. जिजीला पाहून उठून उभे राहिले, खुर्ची दिली. मी बोलायला सुरुवात केली, "साहेब, काल जे झालं त्यात..." तोच जिजीनं माझं मनगट धरलं.

"थांब. काल मी शुद्धमाच खोटं बोलनू. आज मन्ही भाषामा सांगू दे."

मग ती फौजदारांकडे वळली. "ते गाठोडं मन्हं शे. साखर मन्ही शे, लुगडा मन्हा शेत. हाई बाई मन्ही कामवाली शे, तिनी फक्त वज्झं उचलं. त्यामा तिना एक लाल कपडा शे, तिनी पोरकरता, तेवढाच तिना. आन् हाई बी लिखा." तिनं हातातली दोन लुगडी टेबलावर ठेवली. "हाई मी आंगवर नेसीसन लई गऊ व्हतू."

फौजदार अवघडले. "जिजी, कशाला? कागद तिच्या नावावर झालाय, अंगठा घेतलाय. आज-उद्या सोडूनच देणार आहे तिला. तुम्ही घरी जा. सणाचे दिवस आहेत."

"खोटा कागद शे तो."

"एवढा सगळा माल तुमच्या एकटीचा?"

माझं मनगट अजून तिच्या हातात होतं. तिनं ते घट्ट दाबलं. "एकटीना."

"हे लिहिलं तर आप्पांवर येईल, कळतंय का तुम्हाला?"

"लिखा."

त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी चहा मागवला, जिजीनं तो घेतला नाही. त्यांनी आप्पांना निरोप धाडला. जिजी उठून ओसरीत गेली आणि मोगीच्या शेजारी, पण थोडं अंतर सोडून, जमिनीवर बसली. उन्हं वर आली. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. रेल्वेच्या बाबूची बायको चौकीच्या ओसरीत बसलीय ही बातमी बाजारभर झाली. आप्पा आले, रस्त्यातच उभे राहिले, तिथूनच म्हणाले, "घर चाल." जिजीनं नकारार्थी मान हलवली. आप्पा बराच वेळ उभे होते. मग ते आत गेले, आणि आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण बाहेर आले तेव्हा फौजदारांनी लेखणी हातात घेतली होती.

दुपार टळल्यावर मोगीला सांगितलं, जा. ती उठली, लुगडं झटकलं, आणि आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच बोलली. "मन्हा कपडा?"

फौजदार म्हणाले, जप्त झालेला माल परत मिळत नाही. मोगीनं जिजीकडे पाहिलं. सवयीनंच पाहिलं असावं. आणि जिजीला ते तिला सांगावं लागलं, "मोगी, तो आते नही मियाव."

मोगी पायऱ्या उतरली आणि डोंगराच्या रस्त्याला लागली. जिजी तिच्यामागं थोडी धावली. "मोगी, उभी ऱ्हाय, मोगी!" मोगी थांबली नाही, तिनं पावलं भराभर टाकली असंही नाही. ती रोज जायची तशीच गेली.

भाऊबीज झाल्यावर जिजी एकटीच मोगीच्या पाड्यावर जाऊन आली. नवापूरच्या बाजारातून तिनं तसंच लाल कापड घेतलं होतं. परत आल्यावर माझ्या उंबऱ्यावर बसली. बाळ पाळण्यात होतं, त्याला झोका देत देत तिनं मला सांगितलं.

"मले देखीसन उठनी. खाट टाकी. पानी दिधं. मन्ही वाट देखी ऱ्हायनी व्हती असंच वाटनं. कपडा दिधा, तो बी लिधा. पोरले बलाई, तिना आंगले लाई देखा. मले वाटनं, चाल, व्हयनं. मंग मले म्हने," झोका थांबला. "मले म्हने, जिजी, त्या मले रातभर काय काय इचारेत, मले काहीच समजनं नही. पन तुले समजनं व्हतं ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनसु? समजनं व्हतं."

तिनं डोळ्याला पदर लावला नाही. बाळाच्या पायावरची दुपटी सरकली होती ती नीट केली आणि उठून गेली.

मोगी चाळीत पुन्हा आली नाही. चाळीनं दुसरी बाई ठेवली, जिजीनं ठेवली नाही. भांडी ती स्वतः घासू लागली, पाणी स्वतः भरू लागली. बाहेरच्या कोनाड्यातला कप तिनं घरातल्या कपबश्यांत ठेवला आणि एक दिवस मी पाहिलं तर ती स्वतः त्यातून चहा पीत होती. 

चाळीत तिचं पूर्वीचं वजन राहिलं नाही. बायकांना तिचा राग आला होता. खोटं बोलली म्हणून नव्हे. खरं सांगून आली म्हणून. गप्प राहिली असती तर चार दिवसांत सगळं निवलं असतं, कशाला गावभर शोभा केली, असं पुनावाली उघड म्हणायची. जिजीनं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचाच जास्त जाच होत होता. तिच्यासमोर बोलताना आमचे आवाज आपोआप खाली यायचे. मीही त्या दिवसांत तिच्याकडे कमी जाऊ लागले. बाळाचं निमित्त होतंच.

बाजारात तर तिला ओळखूच येत नव्हतं. ती घासाघीस करत नसे. भाजीवाली सांगेल तो भाव हातावर ठेवायची. एकदा मी बरोबर होते. वांगी विकणारी म्हातारी इतकी गोंधळली की म्हणाली, "जिजी, आसं नको करू, मी जास्तीच सांगेल शे." जिजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे." म्हातारीनं मूठभर मिरच्या जबरदस्तीनं तिच्या पिशवीत टाकल्या.

वर्ष उलटायच्या आत आप्पांच्या बदलीचा हुकूम आला. एका आडबाजूच्या लहान स्टेशनावर, जिथं मालधक्का म्हणजे चार फळ्या आणि एक छप्पर. हुकुमात कारण लिहिलेलं नव्हतं. सामान बांधायला माझे यजमान मदतीला गेले होते. आप्पा मितभाषी, पण त्या दिवशी पेटीला दोरी आवळताना म्हणाले, "लोक हिलेच बोलतस. मी बी तठेच उभा व्हतू. मले कोन्ही इचारंच नही." एवढंच. पुन्हा दोरीला लागले.

निरोप द्यायला चाळ जमली, रीत म्हणून. जिजीनं प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवली, कार्डावरची, आपल्या वाट्याची.

त्यानंतर तिची माझी भेट एकदाच झाली. लढाई संपली होती, माझा मुलगा शाळेत जायला लागला होता. दोघं नाशिकला माहेरी निघालो होतो. त्या लहान स्टेशनावर गाडी जेमतेम थांबायची. मी खिडकीतून बघत होते, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला, बाभळीच्या सावलीत, जिजी उभी दिसली. वाळली होती. हातात दुधाचा लोटा होता, गार्डाला द्यायला आणलेला असावा. मी हाक मारली तशी ती धावत आली, खिडकीचे गज धरले.

"नाशिकवाली! हाऊच का तो?" मुलाच्या गालावरून तिनं हात फिरवला. आप्पांना दम्याचा त्रास होतो म्हणाली. इथं करमतं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आठे बाजारच नही, मंग काय करमनं?" आणि थोडी हसली. चाळीतल्या एकेकीची चौकशी केली. गावावरूनच. चोपडावाली, पुनावाली. गार्डानं शिट्टी फुंकली.

मग तिनं विचारलं, "मोगी दिसस का कधी?"

"दिसते. बाजाराच्या दिवशी येते, मोहाची फुलं घेऊन बसते. मुलीचं लग्न झालं तिच्या."

"मन्हं काही इचारस का?"

गाडी हलली होती. जिजी गज धरून बरोबर चालत होती. तिच्या तोंडाकडे पाहून माझ्या जिभेवर आलं होतं, हो जिजी, विचारते, नेहमी विचारते. इतकं सोपं होतं ते. तिलाही तेच ऐकायचं होतं, नाहीतर कोण असं चालत्या गाडीबरोबर चालतं.

"नाही जिजी," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. "बराबर शे," म्हणाली, आणि गज सोडले.